सात दिवस धार काढू नये

आमच्या आज्जाचा आवाज काढायला लई सोपा. आधी गरजेच्या तिप्पट मोठ्यानं बोलायचं, कारण चौतीस वर्षं छापखान्याच्या खडखडाटात काढल्यामुळं त्याला वाटतं सगळं जगच बहिरं आहे. मग वाक्य संपलं की शेवटचा तुकडा परत एकदा म्हणायचा. "शाहूपुरीत कुणालाबी इचार, पिराजी चौगले कोण ते. कोण ते!" एवढं जमलं की आमची आईसुद्धा आतल्या खोलीतनं "आलो मामंजी" म्हणत चहा घेऊन येते आणि मग लाटणं घेऊन मागं लागते.

आज्जा जुळारी होता. संगणक यायच्या आधी छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून, ओळीत बसवून मजकूर जुळवणारा माणूस असायचा, तो जुळारी. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. त्यामुळं रुग्णवाहिकेच्या तोंडावरचं उलटं नाव आज्जा झटक्यात वाचतो आणि सरळ लिहिलेल्या पाटीपुढं मात्र डोळे बारीक करून उभा राहतो. लग्नाची पत्रिका हातात आली की आधी चुका मोजतो, मग लग्न कुणाचं ते बघतो. दुकानाच्या पाटीत चूक सापडली तर आत जाऊन सांगतो. आमच्या भागात चार दुकानदार त्याला लांबनं बघून शटर अर्धं ओढतात.

पण त्याची खरी कर्तबगारी पुढंच आहे. त्या काळी तालमीची पन्नाशी असो की शाळेची पंचविशी, स्मरणिका निघायचीच. स्मरणिका निघते जाहिरातींवर. आणि ऐनवेळी एखादा जाहिरातवाला अध्यक्षाशी भांडून बसला की त्याचं अर्धं पान मोकळं पडायचं. मग छापखान्याचे मालक, शेठ, आतनं ओरडायचे, "पिराज्या, पान उघडं पडलंय रं. झाक की कायतरी घालून!"

आज्जा झाकायचा. कागद नाही, पेन नाही. खिळ्यांच्या खणापुढं उभा राहायचा, छताकडं बघायचा आणि थेट जुळवायला लागायचा. डोक्यातनं बोटात, बोटातनं शिशात. "जिराफास स्वप्ने पडत नाहीत." "जेवणानंतर डाव्या नाकपुडीने श्वास घेतल्यास आयुष्य अकरा वर्षांनी वाढते." अकराच का? तर बारा लिहिलं की लोकांना शंका येते, असं त्याचं शास्त्र. आणि खाली सही ठोकायचा : संकलित. चौतीस वर्षांत कोल्हापूर जिल्ह्यात जेवढं म्हणून 'संकलित' छापलं गेलं, त्यातलं निम्मं तरी आमच्या आज्जाच्या टाळक्यातलं आहे.

सत्त्याऐंशी साली कुरुंदवाडकडच्या एका दूध संस्थेची स्मरणिका निघाली. ट्रॅक्टरवाल्यानं जाहिरात मागं घेतली. अर्धं पान मोकळं. संस्था दुधाची, म्हणजे मजकूर म्हशीचा पाहिजे. आज्जाचा आणि म्हशीचा संबंध चहापुरता. तरी त्यानं छताकडं बघितलं आणि जुळवलं : "आपले पूर्वज व दगडी रोग." दगडी म्हणजे म्हशीची कास सुजून दगडासारखी टणक होते तो आजार, नाव तेवढं त्यानं कुठंतरी ऐकलेलं. "करवीर प्रांतीचे जुने गवळी अशा कासेस उसाच्या पाचटाची राख आंबट ताकात कालवून लेप देत." इथं मजकूर संपला. पण शेवटची ओळ अर्धीच भरली होती आणि अर्धी ओळ शेठना खपायची नाही. म्हणून आज्जानं आणखी पाच शब्द जुळवले : "सात दिवस धार काढू नये." ओळ काठोकाठ भरली. संकलित. आज्जा चहा प्यायला गेला.

सदतीस वर्षांनी निशिगंधा मॅडम आमच्या दारात उभ्या राहिल्या.

मॅडमचा आवाज काढायचा तर मान तिरकी करायची, प्रत्येक वाक्य 'अ‍ॅक्च्युअली'नं सुरू करायचं आणि समोरचा पाच वर्षांचा आहे असं समजून बोलायचं. मॅडमची पीएच.डी. जनावरांच्या पारंपरिक उपचारांवर. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की शाहूपुरीतल्या एका म्हाताऱ्यानं स्वतः जुळवलेल्या प्रत्येक स्मरणिकेची एक प्रत पलंगाखाली ठेवली आहे.

"अ‍ॅक्च्युअली आजोबा, मी ग्रे लिटरेचर शोधतेय."

"त्ये काय असतंय? काय असतंय?"

"म्हणजे बघा, एक असतं जर्नलमधलं. ते छापण्याआधी दुसरे तज्ज्ञ तपासतात. आणि दुसरं असतं कुणी न तपासलेलं. अहवाल, पत्रकं, स्मरणिका. ते कुठल्या यादीत नसतं, शोधून सापडत नाही. ते ग्रे."

"म्हंजे रद्दी."

"नाही हो आजोबा! दुर्लक्षित ज्ञान!"

आज्जा एकदम ताठ बसला. बहात्तर वर्षांत त्याला कुणी दुर्लक्षित ज्ञान म्हणालं नव्हतं. दुर्लक्षित म्हणाले होते. त्यानं पलंगाखालचा ढीग ओढून काढला, आईकडनं दोनदा चहा मागवला आणि मॅडम पान उलटत असताना बाजूला बसून धूळ फुंकत राहिला. सगळी मॅडमच्या तोंडावर.

अर्ध्या तासानं मॅडम किंचाळल्या. "अय्या! राख, ताक, सात दिवस! हे तर आमच्या जनावरांच्या कॉलेजातल्या पृथ्वीराज सरांच्या पेपरमध्ये आहे! जर्नलमधला, तपासलेला पेपर आहे तो. आणि इथं त्याच्या सत्तावीस वर्षं आधी, स्मरणिकेत! दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकच गोष्ट. आजोबा, याला पुष्टी म्हणतात!"

"व्हय?" आज्जा म्हणाला.

"हे लिहिलं कुणी?"

आता इथं माणसानं खरं बोलायचं असतं. 'पोरी, मी लिवलोय, म्हशीच्या कुठल्या बाजूला कास असती ते मला ठावं न्हवतं' एवढंच. पण मॅडम डोळे विस्फारून बघत होत्या आणि समोर दुर्लक्षित ज्ञान पसरलेलं होतं. आज्जानं खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"संकलित," मॅडमनी वाचलं. "म्हणजे जुन्या गवळ्यांकडून गोळा केलेलं. वा!" आणि वहीत लेखकाच्या जागी लिहून घेतलं : संकलित.

श्रावणात पत्रक निघालं. गुळगुळीत कागद, वर पृथ्वीराज सरांचं नाव, मोठ्या अक्षरात उपाय, खाली "दोन स्वतंत्र स्रोतांची पुष्टी", आणि एकदम तळाला मुंगीएवढ्या अक्षरात "संग्रह सौजन्य : श्री. पिराजी चौगले". जिल्ह्यातल्या दूध संस्थांमधनं ते वाटलं गेलं. आज्जानं पंचवीस प्रती मागून आणल्या. केस कापायला गेला तरी एक प्रत गळ्याभोवतीच्या कापडाखाली धरून बसला. "सौजन्य बघ. सौजन्य!" शटर अर्धं ओढणाऱ्या दुकानदारांना त्यानं शटरच्या खालनं प्रती सरकवल्या.

आणि भादव्यात कुरुंदवाडहून अंबूआज्जीचा फोन आला.

अंबूबाई आज्जाची थोरली बहीण. वय शहात्तर, घरात एकटी, गोठ्यात एक म्हस. म्हशीचं नाव हौशी. अंबूआज्जीला पोरगं नाही, दीर नाही, भाऊ आहे तो असला. तिचं सगळं जग त्या हौशीच्या चार सडांवर उभं.

"पिऱ्या, हौशीला दगडी झाल्या बघ," ती म्हणाली. "पर तू काळजी करू नको. डेरीतनं पत्रक दिल्यात. काल राख-ताक लावलो. धार बंद केलो. सात दिस म्हणं."

मोबाइल स्पीकरवर होता. आज्जाच्या हातातला बिस्किटाचा तुकडा चहात पडला आणि त्यानं तो काढलासुद्धा नाही.

"आक्का, त्ये धू. आत्ता धू! आत्ता!"

"का? डाक्टरनं लिवलंय की."

"डाक्टरनं न्हाई, मी लिवलंय!"

तिकडनं जे हसू ऐकू आलं ते मला अजून जमत नाही. आत कोंबडी अडकल्यागत. "तू? तू घरात मांजराला दूध घालाय घाबरतोस." फोन बंद.

आज्जा उठला तो थेट गंगावेशीत, जिथं गवळी म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकापुढं धार काढून देतात तिथं. एका गवळ्याला म्हणाला, "पावणं, दगडी झाल्यावर सात दिस धार काढली न्हाई तर?"

गवळी वर न बघता म्हणाला, "तर आठव्या दिशी म्हस फक्त शेणापुरती ठेवायची."

"आनी काय कराय पायजे?"

"डाक्टर बोलवायचा आनी कास पिळून मोकळी ठेवायची. दिसातनं चार-पाच बारी. हे शेंबडं पोरगंबी सांगंल. कुणी सांगितलं तुमाला धार बंद करा म्हून?"

आज्जा तिथनंच स्टँडकडं पळत सुटला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुपारच्या एस.टी.नं तो कुरुंदवाडला पोचला. पुढचं सगळं अंबूआज्जी कुणालाही न विचारता सांगते, हातवारे करून, आणि प्रत्येक वेळी आज्जा थोडा आणखी बावळट होत जातो.

गोठ्यात हौशी मागचे पाय फाकवून उभी. कासेवर करड्या राखेचा लेप वाळून चिरा पडलेल्या. आज्जानं बहिणीपुढं हात जोडले.

"आक्का, आयशप्पत. ट्रॅक्टरवाल्याची जाहिरात आली न्हवती म्हून मी मनानं जुळवलो. सात दिस बी ओळ भराय घातलो. ओळ भराय!"

अंबूआज्जीनं पत्रक काढलं, चष्मा लावला. "ह्ये वर कुणाचं नाव हाय? पृथ्वीराज डाक्टर. ह्ये खाली मुंगीच्या मुताएवढं कुणाचं हाय? तुझं. सौजन्य. म्हंजे चहा देणारा."

"मॅडमला इचार मग! मॅडमला!"

फोन लावला, स्पीकरवर, हौशीच्या शेपटीखाली उभं राहून. मॅडम गडबडीत होत्या. पुढच्या गुरुवारी त्यांची पीएच.डी.ची शेवटची तोंडी परीक्षा होती.

"मॅडम, त्ये राख-ताक मी लिवलंय. माझ्या डोक्यातलं हाय सगळं. पत्रक मागं घ्या. मागं घ्या!"

तिकडं कागद उलटल्याचा आवाज. मग : "अ‍ॅक्च्युअली आजोबा, तुमच्याकडं त्याचं हस्तलिखित आहे का?"

"हस्तलिखित कुठलं? थेट खिळ्यात जुळवलो. कागदाला पेनच लावला न्हाई."

"मग ते तुम्हीच लिहिलं, याला आधार काय?"

"मी सांगतोय की!"

"हां. म्हणजे तो वैयक्तिक संवाद झाला. बघा आजोबा, वैयक्तिक संवाद सगळ्यात खालच्या पायरीवर. त्याच्या वर स्मरणिका. स्मरणिकेच्या वर पेपर. खालच्या पायरीवरच्या पुराव्यानं वरचं नाही खोडता येत."

"अवो, पर त्या स्मरणिकेत बी मीच हाय!"

"नाही ना. तिथं संकलित आहेत."

आज्जानं कपाळावर हात मारला. "बरं, तुमच्या सरांनी कुठनं घेतलं?"

"एका जुन्या एम.फिल.च्या प्रबंधातून."

"आनी त्या बाबानं कुठनं घेतलं? माझ्याच स्मरणिकेतनं की! सगळी एकाच हिरीचं पाणी पिताय आनी म्हनताय दोन हिरी!"

"तो प्रबंध आता ग्रंथालयात सापडत नाहीय, आजोबा. जे सापडत नाही त्यावर कसं बोलणार?" मग आवाज आणखी गोड झाला. "या वयात असं होतं. आपण जे खूप वेळा वाचतो ते आपणच लिहिलंय असं वाटायला लागतं. पाणी प्या. विश्रांती घ्या."

अंबूआज्जीनं भावाच्या पाठीवर थोपटलं. "ऐकलास न्हवं? पानी पी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वैरणीला गेली आणि आज्जानं ठरवलं, आपणच धार काढायची. म्हस फक्त अंबूआज्जीला हात लावू देते हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं तिचं लुगडं अंगावर गुंडाळलं. होय, लुगडं. शेजारची शालूबाई भिंतीवरनं बघत होती. तिनं आधी पदर तोंडात कोंबला आणि मग घरच्यांना बोलावून आणलं.

आज्जा बसला. हौशीनं मान वळवून बघितलं. त्यानं वाळलेली राख खरवडली आणि सड धरला, कसा, तर खिळा उचलतात तसा, दोन बोटांच्या चिमटीत. दाबला. पिवळी, दह्याच्या गुठळ्यांसारखी एक चिळकांडी बाहेर आली. एकच. आज्जाच्या तोंडावर हसू आलं, असं शालूबाई शपथेवर सांगते. त्याच हसऱ्या तोंडानं तो शेणाच्या खड्ड्यात पोचला. हौशीनं लाथ मारली होती, डाव्या बरगडीवर.

अंबूआज्जी वैरणीचा भारा घेऊन आली तेव्हा खड्ड्यात भाऊ पडलेला, अंगावर तिचं लुगडं, लुगड्यावर शेण. तिनं भावाकडं नाही बघितलं. कासेकडं बघितलं. राख खरवडलेली.

"तिसरा दिस मोडलास!" ती किंचाळली. "मेल्या, माझ्या म्हशीचा तिसरा दिस मोडलास!"

तिनं नवी राख कालवली.

बरगडीला चीर गेली होती. डॉक्टरनं आज्जाला हलू नको सांगितलं, म्हणून पुढचे पाच दिवस तो अंबूआज्जीच्या घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर. सोप्याला लागून गोठा. मध्ये कुडाची भिंत. हौशी आधी हंबरायची, मग नुसती कण्हायला लागली. ती कण्हली की आज्जा "आक्का, पिळ की गं, पिळ" म्हणायचा. तो तसं म्हणाला की अंबूआज्जी भांडं आपटायची. अधेमधे शालूबाई येऊन विचारायची, "लुगडं वाळलं का, भावजी?"

आठव्या दिवशी जनावरांचा सरकारी डॉक्टर आला. तरुण पोरगा, गाडीवरनं उतरतानाच शिट्टी वाजवत. कासेला हात लावला आणि शिट्टी थांबली. दोन सड दगड झालेले, कायमचे. उरलेल्या दोनपैकी एक अर्धवट.

"धार कुणी बंद केली?" तो ओरडला. "दगडीत धार कधी बंद करतात का? कुणा गाढवानं सांगितलं?"

खाटेवरनं आज्जा तडफडत उठला. "मी! मी त्यो गाढव! सांग आक्काला! सांग!"

अंबूआज्जीनं पत्रक पुढं केलं. डॉक्टरनं वरचं नाव वाचलं आणि त्याची मान आपोआप थोडी खाली गेली. पृथ्वीराज सरांनीच त्याला कॉलेजात शिकवलेलं.

"सरांचं आहे होय," तो म्हणाला. कासेकडं बघितलं, पत्रकाकडं बघितलं, परत कासेकडं. "सरांनी लिहिलंय म्हणजे... काहीतरी असणारच त्यात." मग त्याचा चेहरा उजळला. "मावशी, मध्येच कुणी हात लावला होता का कासेला?"

अंबूआज्जीनं नुसतं बोट लांब केलं, खाटेकडं. भिंतीपलीकडनं शालूबाईसुद्धा म्हणाली, "मी बघितलोय की, लुगडं नेसून!"

"मग झालं तर," डॉक्टर म्हणाला आणि सुई भरायला लागला.

पंधरा दिवसांनी मॅडम स्वतः कुरुंदवाडला आल्या, पेढे घेऊन. परीक्षा झाली, परीक्षक खूश. स्मरणिका आणि पेपर शेजारी शेजारी ठेवून अभ्यास करण्याची पद्धत त्यांना फार आवडली म्हणे. आता पुढच्या पेपरसाठी गोठ्यागोठ्यातली उदाहरणं पाहिजे होती. मॅडमनी सोप्यात बसून तक्ता भरला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. "तिसऱ्या दिवशी एका नातेवाइकाने धार काढल्यामुळे उपचार खंडित. दोन सड निकामी. बरोबर ना, आजी?"

"बराबर."

आज्जा अजून तिथंच, बरगडी धरून बसला होता. तो त्या दिवशी पहिल्यांदाच हळू बोलला. "नाव तरी घाला माझं. पिराजी चौगले."

"नाही हो आजोबा, संशोधनात असल्या माणसांची नावं गुप्त ठेवतात. नैतिकता असते ना." त्यांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला.

दिवाळीआधी पत्रकाची सुधारलेली आवृत्ती निघाली. उपाय तोच, राख तीच, दिवस तेवढेच. आता स्रोत तीन झाले होते, कारण मॅडमचा प्रबंधही त्यात धरला होता. तळाचं सौजन्य काढून टाकलेलं, त्या जागी नवीन सूचना आली होती : "उपचाराच्या काळात नातेवाइकांना गोठ्यात प्रवेश देऊ नये."

भाऊबीजेला आज्जा नवा सदरा घालून, बरगडीला पट्टा बांधून कुरुंदवाडला गेला. गोठा ओलांडल्याशिवाय अंबूआज्जीच्या घरात जाता येत नाही. तिनं फाटकाला आतनं कडी घातली होती. कडीच्या वर, पिशवीत घालून, पावसानं भिजू नये असं ते सुधारलेलं पत्रक टांगलेलं.

"आक्का, आज भाऊबीज हाय. हाय की!"

"हाय की," अंबूआज्जी म्हणाली. रस्त्यावरच पाट टाकला. येणाऱ्या-जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या थांबवून तिनं भावाला ओवाळलं. मग ताट घेऊन आत गेली आणि दोन सडांची म्हस पिळायला बसली. शालूबाईनं भिंतीवरनं फराळाची पुडी त्याच्या हातात टाकली.